नांदी आणि भैरवी : डिस्क गोल्फच्या मैदानातली

(द्वितीय वर्ष, कला)

'डिस्क गोल्फ' हे नाव वाचून आपल्या महाविद्यालयातल्या बहुतेक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. गोल्फ म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते श्रीमंतांचे क्लब, गालिच्यासारखी हिरवळ आणि काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा पोऱ्या. या लेखात ज्या खेळाविषयी लिहायचे आहे त्याला काठी लागत नाही, चेंडू लागत नाही आणि पुष्कळ ठिकाणी प्रवेशमूल्यही लागत नाही. लागते ती एक प्लॅस्टिकची चकती आणि चालायची तयारी. या खेळाचे मैदान आखताना दोन प्रश्न विशेष विचार करायला लावतात. सुरुवात कशी करून द्यावी आणि शेवट कसा करावा? नाटकाला नांदी असते, मैफिलीला भैरवी असते; तशी या मैदानालाही असते. ती चांगली केव्हा म्हणावी, हा माझा विषय आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. मैदानाचे साधारणतः अठरा भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागाला 'होल' म्हणतात. हे नाव गोल्फवरून आले. येथे जमिनीत खड्डा नसतो. एका टोकाला फेकीचा ओटा असतो आणि दुसऱ्या टोकाला एक लोखंडी खांब. खांबाला वरून साखळ्या लोंबतात आणि त्यांच्याखाली जाळीची टोपली असते. ओट्यावरून चकती फेकायची. ती जेथे पडेल तेथून पुढची फेक करायची. असे करीत ती टोपलीत घालायची. साखळ्यांवर आपटून चकतीचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. जाणकार खेळाडूला एखाद्या होलसाठी जितक्या फेकी लागाव्यात त्या संख्येला 'पार' म्हणतात. बहुतेक होल तीन पारचे असतात. चकती हद्दीबाहेर किंवा निषिद्ध पाण्यात गेली तर एका फेकीचा दंड. अठरा होल मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो विजयी. इतका हा साधा हिशेब आहे.

खेळ अमेरिकेतला. चकतीला आपण 'फ्रिस्बी' म्हणतो. वॉल्टर मॉरिसन या गृहस्थाने बनवलेली उडती तबकडी 'व्हॅम-ओ' या खेळण्यांच्या कंपनीने १९५७ साली विकायला घेतली. पुढे त्याच कंपनीतल्या एड हेड्रिक यांनी तिच्यात सुधारणा केल्या आणि १९६७ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. याच हेड्रिकनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ला कान्याडा फ्लिंट्रिज या गावी 'ओक ग्रोव्ह' नावाच्या बागेत डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले. १९७६ साली त्यांनी या खेळाच्या संघटनेचा पाया घातला आणि १९७७ साली साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट मिळवले. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या चकत्या बनवण्यात आल्या. माणसाने एखाद्या खेळात जीव ओतला म्हणतात, त्याचा असाही एक अर्थ आहे!

१९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी उतरत्या, निमुळत्या कडेची चकती तयार केली. ती हवा कापत कितीतरी लांब जाऊ लागली आणि तिच्याबरोबर होलही लांबले. २०१६ साली डेव्हिड विगिन्स ज्युनियर या खेळाडूने वाऱ्याचा फायदा घेऊन ३३८ मीटर लांब फेक केली. अर्थात हा विक्रम झाला. नवशिक्याची चकती पन्नास-साठ मीटरांवर जमिनीला टेकते. ही तफावत ध्यानात ठेवावी, कारण एकाच ओट्यावर दोघांनाही उभे राहायचे असते.

चकतीची चाल

मैदान कसे आखावे हे समजण्यासाठी चकती कशी उडते हे माहीत हवे. उजव्या हाताने, छातीसमोरून हात बाहेर नेत चकती फेकली म्हणजे वरून पाहणाऱ्याला ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसते. वेग भरपूर असेतोवर ती सरळ जाते किंवा किंचित उजवीकडे कलते. वेग ओसरला की डावीकडे वळून जमिनीवर येते. भोवरा मंदावला की डुलू लागतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. डाव्या हाताच्या खेळाडूचे सगळे याच्या उलट.

यावरून एक गोष्ट उघड होते. नवशिक्याची चकती मुळातच सावकाश जाते, म्हणून ती लवकर डावीकडे वळते. एखाद्या होलच्या डाव्या बाजूला तळे किंवा रस्ता असेल, तर तो होल नवख्यांना अवघड आणि मुरलेल्यांना सोपा जातो. कागदावर अंतर तेवढेच असते. पण अडचण कोणत्या बाजूला ठेवली यावरून ती कोणाला नडणार हे ठरते.

पहिला होल

पहिल्या होलबद्दल विचार करताना मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट शरीराची. खेळाडू नुकताच आलेला असतो, खांदा आणि कंबर मोकळी झालेली नसते. अशा वेळी पूर्ण ताकदीची फेक मागणारा होल समोर ठेवणे म्हणजे बैलांना गोठ्यातून सोडल्याबरोबर चढाला जुंपणे होय. पहिल्या होलला मार्ग रुंद हवा आणि अंतर बेताचे हवे.

दुसरी गोष्ट गर्दीची. सुट्टीच्या दिवशी गटामागून गट येतात. पहिल्याच होलवर दाट झाडी असेल, तर प्रत्येक गट हरवलेली चकती शोधत बसेल आणि मागचे गट ओट्याशी ताटकळत राहतील. पुढचे सतरा होल मोकळे पडलेले आणि पहिल्यावर रांग, असे दृश्य दिसेल. आरंभाचे काम माणसे मैदानात पसरवण्याचे आहे. बंधाऱ्याचे दार तोंडाशीच अरुंद असले तर पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट सूर्याची. सकाळी लोक पहिल्या होलवर असतात आणि संध्याकाळी शेवटच्या. म्हणून पहिला होल पूर्वेकडे तोंड करून नसावा आणि शेवटचा पश्चिमेकडे. डोळ्यांत ऊन आले की उडती चकती दिसेनाशी होते. मग ती स्वतःला सापडत नाही, आणि दुसऱ्याला लागण्याचीही भीती असते. याच कारणाने पहिला ओटा वाहने उभी करण्याच्या जागेजवळ असावा, पण फेकीची दिशा तिच्यावरून जाणारी नसावी.

चौथी गोष्ट मनाची आहे, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. पहिल्या ओट्यावर माणूस एकटा नसतो. पुढचा गट गेलेला असला तरी मागचा गट उभा असतो, पाहत असतो. जो नित्य खेळतो त्याला या नजरांची सवय असते. जो पहिल्यांदाच आला आहे, त्याला मात्र चकतीपेक्षा त्या नजराच जड वाटतात.

हे मी पुस्तकी सांगत नाही. गेल्या वर्षी मोबाइलवर या खेळाची चित्रफीत पाहून आम्ही सात जणींनी मुलींच्या वसतिगृहामागच्या पडीक जागेत सहा होल आखले. साधने म्हणजे खेळण्यांच्या दुकानातल्या दोन फ्रिस्बी आणि बाभळीच्या खुंटांना बांधलेल्या, घरून आणलेल्या बांबूच्या पाट्या. जागा पाहताना दोन मते पडली. फाटकाजवळचा पट्टा सपाट आणि मोकळा होता. पण त्याच्या कडेने रस्ता जातो आणि संध्याकाळी तेथे चहाच्या टपरीवर मुलांचा घोळका असतो. मागचा पट्टा थोडा उंचसखल होता. पण तेथे लिंबाची सावली होती आणि रस्त्यावरून काही दिसत नव्हते. आमच्यातल्या प्रथम वर्षाच्या एका मैत्रिणीने जन्मात काही फेकून खेळलेले नव्हते. तिच्या वस्तीवर मुली खेळत नाहीत; त्या पाणी भरतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळतात. ती म्हणाली, "रस्त्याकडनं सुरू करणार असाल तर मी बसून बघते."

या एका वाक्याने वाद मिटला. आम्ही पहिला होल लिंबाखाली घेतला. अंतर तीस पावले, मध्ये काही अडथळा नाही, पाटीच्या मागे मातीचा उंचवटा, म्हणजे लांब गेलेली चकतीही तेथेच अडते. फाटकाजवळचा पट्टा आम्ही चौथ्या होलसाठी ठेवला. चौथ्या होलपर्यंत येईतो तिच्या दहा-बारा फेकी झालेल्या होत्या, दोनदा पाटीत चकती पडली होती, आणि टपरीकडे पाहायला तिला सवड नव्हती. जागा तीच, नजरा त्याच. फक्त क्रम बदलला होता.

आमच्या घरात माझ्याआधी महाविद्यालयाची पायरी कोणी चढले नव्हते. त्यामुळे 'पहिले पाऊल सोपे ठेवा' या म्हणण्यात लाड करण्याचा भाग किती आणि न्यायाचा किती, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे की, यात लाड नाही. अवघड होल पुढे आहेतच. ते कोणी गाळा असे म्हणत नाही. ज्याच्या घरात आधीच कोणी खेळून गेले आहे त्याला ओट्यावर कसे उभे राहावे हे घरीच कळलेले असते. ज्याच्या घरात कोणी गेलेले नाही, त्याला ते पहिल्या होलनेच शिकवायचे असते.

तथापि सोपे म्हणजे निरर्थक नव्हे. याचे उत्तम उदाहरण मूळच्या गोल्फमध्ये, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज येथील 'ओल्ड कोर्स'वर सापडते. १७६४ साली तेथील बावीस होलांचे अठरा झाले आणि पुढे जगभर अठरा हा आकडा रूढ झाला. या मैदानाचा पहिला आणि अठरावा होल शेजारी शेजारी असून दोघांना मिळून एकच अतिशय रुंद गवताळ पट्टा आहे. पहिला चेंडू मारणाऱ्यापुढे जणू माळरानच पसरलेले असते. पण त्या होलच्या शेवटी, हिरवळीच्या अगदी पुढ्यात, 'स्विल्कन बर्न' नावाचा लहानसा ओढा आडवा वाहतो. पहिला फटका कोणालाही मारता येतो. दुसऱ्याला मात्र विचार करावा लागतो. दार सताड उघडे, पण आत शिरल्यावर उंबरठा आहे, तो पाहून पाऊल टाका, अशी ही मांडणी आहे. पुढे सतरा होल आपल्याकडून काय मागणार आहेत याची कल्पना पहिल्या होलने द्यावी, ही अपेक्षा येथे पुरी होते.

याला अपवादही आहेत. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लेस्टर येथे 'मेपल हिल' नावाचे प्रसिद्ध मैदान आहे. नाताळात सजवण्यासाठी झाडे वाढवतात, त्या झाडांच्या मळ्यात ते आखलेले आहे. तेथे नामांकित खेळाडूंना पहिलीच फेक तळ्यावरून करावी लागते. वर सांगितलेले सर्व नियम येथे मोडले आहेत असे वाटेल. पण त्या मैदानावर निरनिराळ्या तयारीच्या खेळाडूंसाठी निरनिराळे ओटे आहेत. जो ज्या ओट्यावर उभा राहतो तो आपल्या बळाचा अंदाज घेऊन राहतो. धाडस मागायला हरकत नाही. मात्र धाडस न करणाऱ्यालाही मैदानात शिरण्याची वाट असली पाहिजे.

शेवटचा होल

शेवटच्या होलविषयी एक सार्वत्रिक समज आहे की, तो सर्वांत अवघड असावा. मला तो पटत नाही. मैफिलीच्या शेवटी भैरवी गातात ती काही सर्व रागांत अवघड म्हणून नव्हे. झालेले सगळे तिच्यात येऊन मिळते आणि ऐकणारा ते घेऊन घरी जातो, म्हणून ती शेवटी.

सेंट अँड्र्यूजचा अठरावा होल पाहा. तो सपाट आहे, सुमारे ३५७ यार्ड लांब, पार चार. नावाजलेल्या खेळाडूंना तो सोपाच म्हणावा लागेल. १९७० सालच्या 'ओपन' स्पर्धेत डग सँडर्स या खेळाडूला जिंकण्यासाठी या होलवर फक्त चार फटके पुरे होते. शेवटचा फटका मीटरभराहून कमी अंतराचा उरला होता. तो हुकला. जॅक निक्लॉसशी बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीत निक्लॉसने ७२ विरुद्ध ७३ असा एका फटक्याने विजय मिळवला. होल सोपा होता म्हणूनच तो प्रसंग इतका लक्षात राहिला. अवघड जागी हरणाऱ्याला जागेचे निमित्त असते. सोप्या जागी स्वतःशिवाय कोणाकडे बोट दाखवता येत नाही.

मग शेवटच्या होलकडून मागायचे काय? माझ्या मते मुख्य मागणी एकच : मागे असलेल्याला तोवर आशा असावी आणि पुढे असलेल्याला तोवर निश्चिंती नसावी. होल इतका सोपा की सगळे दोनच फेकींत संपवतात, किंवा इतका अवघड की कोणालाच दोनांत जमत नाही, असे असेल तर शेवटी काही बदलत नाही. जो पुढे होता तो पुढेच राहतो. त्याच होलवर कोणाला तीन, कोणाला चार, कोणाला पाच फेकी लागाव्यात, आणि हा फरक नशिबाने न पडता खेळाडूच्या निवडीने पडावा, हे कौशल्य आहे. म्हणून चांगल्या शेवटच्या होलवर दोन वाटा दिसतात. एक सुरक्षित पण लांबची, दुसरी जवळची पण जोखमीची. दोन्ही वाटा ओट्यावरून दिसल्या पाहिजेत. लपलेला खड्डा हा सापळा असतो, ती परीक्षा नव्हे.

या खेळाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला शेवट २०२१ सालचा आहे. यूटा राज्यातल्या ऑग्डेन येथे जागतिक अजिंक्यपदाची शेवटची फेरी चालू होती. पाच वेळा जगज्जेता झालेला पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे होता आणि जेम्स कॉनराड मागे. अठराव्या होलवर कॉनराडची चकती टोपलीपासून २४७ फूट, म्हणजे सुमारे ७५ मीटर दूर होती. एवढ्या अंतरावरून टोपलीत थेट चकती घालणे हे कोणी गृहीत धरीत नाही. कॉनराडने फेकली, चकती हवेत वळत गेली आणि साखळ्यांत जाऊन बसली. बरोबरी झाली, आणि नंतरच्या जादा खेळात कॉनराड जगज्जेता ठरला. पुढच्याच वर्षी मॅकबेथने सहावे अजिंक्यपद मिळवले, हेही येथे नोंदले पाहिजे.

त्या फेकीचे श्रेय कॉनराडचेच. पण ज्याने तो होल आखला त्यालाही थोडे द्यावे. होल अनेक फेकींचा नसता, टोपलीकडे जाणारी हवेतली वाट मोकळी नसती, तर जगातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही तेथून काही करता आले नसते. आशेला जागा ठेवलेली होती, म्हणून ती फेक शक्य झाली.

अवघड परीक्षेची जागा कोणती, याचे एक उत्तर दक्षिण कॅरोलिनातल्या रॉक हिल येथे मिळते. तेथील विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून अमेरिकेची एक मानाची स्पर्धा भरत आली आहे. या मैदानावरचा सतरावा होल प्रसिद्ध आहे. टोपलीभोवती गवताच्या भाऱ्यांची हद्द घालून जणू एक बेट केलेले असते. चकती त्या बेटाच्या आत पडली तर ठीक, नाहीतर दंड. अंतर फार नाही, पण छाती धडधडते. हा होल अठरावा नसून सतरावा आहे, हे मला फार सूचक वाटते. सतराव्यावर ज्याने गमावले त्याला भरून काढायला अजून एक होल आहे. ज्याने कमावले त्याला ते राखायला अजून एक होल आहे. शिक्षेनंतर उत्तर देण्याची संधी राहते.

दुसरे टोक कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ येथे आहे. तेथील 'डेलाव्हिएगा' मैदानाचा शेवटचा, सत्ताविसावा होल 'टॉप ऑफ द वर्ल्ड' म्हणून ओळखला जातो. टेकडीच्या माथ्यावरून चकती खाली उतारावर सोडायची आणि समोर दूरवर मॉन्टेरेचा उपसागर. जिंकणारा असो वा हरणारा, दिवसभरातली सर्वांत लांब उडालेली आपली चकती त्याला येथे पाहायला मिळते. हा होल हिशेबापेक्षा आनंदासाठी जास्त आहे. स्पर्धा थोडे दिवस असते. बाकीचे वर्षभर मैदान साध्या माणसांचेच असते. त्यांनाही घरी जाताना काहीतरी बरोबर नेता आले पाहिजे.

येथे एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे. पुष्कळ लहान स्पर्धांत वेळ वाचवण्यासाठी सर्व गट एकाच वेळी निरनिराळ्या होलवरून खेळ सुरू करतात. बाराव्यावरून सुरुवात करणाऱ्याचा शेवट अकराव्यावर होतो. त्याच्यासाठी आखलेली नांदी आणि भैरवी दोन्ही मध्येच कुठेतरी येऊन जातात. मोठ्या स्पर्धांत मात्र सर्व गट पहिल्या होलवरून ठरावीक वेळेने सुटतात आणि आघाडीचे खेळाडू सर्वांत शेवटी येतात. तेव्हाच अठराव्या होलला खरा रंग चढतो. म्हणून जाणता आखणारा सगळा मसाला दोन टोकांना ओतून मधले होल अळणी ठेवीत नाही.

शेवटी जागेचा एक मुद्दा. शेवटची टोपली जेथून खेळ सुरू झाला त्याच्याजवळ असावी. एक तर दमलेल्या माणसाला परत लांब चालावे लागत नाही. दुसरे असे की, खेळून झालेले आणि खेळायला आलेले तेथे एकत्र जमतात. शेवटचा होल खेळणाऱ्याला प्रेक्षक मिळतात, आणि पहिल्या ओट्याकडे निघालेल्या नवख्याला, आपणही संध्याकाळी येथवर येणार आहोत, हे आधीच दिसते. सुरुवातीला ज्या नजरांची धास्ती वाटते, त्याच नजरा अठरा होल चालून आल्यावर हव्याशा वाटतात. म्हणून पहिला होल नजरांपासून थोडा आडोशाला आणि शेवटचा सर्वांसमोर, अशी माझी मांडणी आहे.

आपल्या जिमखान्याच्या मैदानाच्या दक्षिणेस ओढ्यापर्यंतची जागा मोकळी आहे. तेथे नऊ होल सहज बसतील. टोपल्यांचा खर्च नको असेल तर खुंट आणि पाट्या आम्ही देऊ. क्रीडाविभागाने मनावर घ्यावे एवढीच विनंती. पहिला होल मात्र पिंपळाच्या बाजूने, पश्चिमेकडे तोंड करून, आणि बेताच्या अंतराचा ठेवावा.